टाके निघाले, भीतीचं काय?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. १,६८,४९१ माणसं गेली, ४,४३,३६६ जखमी झाली. जखमींच्या या रकान्यात डोकं, बरगड्या, हातपाय येतात. ज्याला खरचटलंही नाही, पण जो त्यानंतर गाडीत बसूच शकत नाही, त्याची नोंद कुठेच होत नाही. घरातही होत नाही.

माझ्या नात्यातल्या एका तरुणाचं उदाहरण सांगतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर त्यांच्या कारला मागून टेम्पोने धडक दिली. याला चार टाके पडले, शेजारच्या मित्राचा पाय गेला. टाके दहा दिवसांत निघाले. पण तीन महिन्यांनंतरही तो रात्री दचकून उठायचा, ब्रेकचा आवाज आला की घामाघूम व्हायचा आणि त्या मित्राचा फोन घ्यायचा नाही. अम्मीला वाटलं नजर लागली, तावीज आला. (तावीजवर इथे पूर्वी पुष्कळ वाद घालून झाला आहे, आज नको.) मामू म्हणाले, "मर्द बन." एका बुजुर्गांनी तर निदानच केलं : इमान कमजोर झालंय. ज्याची फजरची नमाज चुकत नाही, अशा मुलाला हे ऐकवलं गेलं. मग भीतीच्या जोडीला शरमही आली.

भीतीचा इमानशी काही संबंध नाही. जीव वाचवण्यासाठी मेंदू जी घंटा वाजवतो, ती अपघातानंतर काहींच्या बाबतीत थांबतच नाही. पहिले काही आठवडे असं होणं स्वाभाविक असतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही झोप, काम, नाती बिघडलेलीच राहिली, तर डॉक्टर आघातोत्तर तणाव विकाराची शक्यता तपासतात. अबू जैद अल-बल्खी या विद्वानाने हजार वर्षांपूर्वी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिलं. भीती आणि दुःख यांचा विचार त्यात उपचाराच्या अंगाने आहे. आपण मात्र अजून 'मर्द बन'वर अडलोय.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. शिकलेला समुपदेशक आधी ऐकतो. मग पायरीपायरीने नेतो : बंद गाडीत पाच मिनिटं बसणं, नंतर गल्लीतून एक फेरी, हायवे अगदी शेवटी. 'मी पुढे बसलो असतो तर त्याचा पाय वाचला असता' यासारखे विचार तो रुग्णासोबत तपासून पाहतो. साधारण आठ-बारा बैठका लागतात, काहींना जास्त. सगळे पूर्ण बरे होतात असं नाही, पण पुष्कळांना फरक पडतो. आणखी एक : भेटायला आलेल्या पाहुण्यांनी पहिल्याच दिवशी "सांग, नेमकं काय झालं?" म्हणून सगळं वदवून घेऊ नये. अपघातानंतर लगेच एकदाच सगळं बोलायला लावल्याने पुढचा विकार टळत नाही, हे संशोधनात दिसलं आहे.

मला जास्त काळजी मुलींची वाटते. मुलगा कामावर गेला नाही की पगार थांबतो, म्हणून घर निदान हलतं तरी. त्याच गाडीत मागे बसलेली बहीण कॉलेजला जायची बंद होते, स्कूटी शिकायचं सोडून देते, तेव्हा घर म्हणतं, बरंच झालं, घरी सुरक्षित आहे. तिची भीती घराच्या सोयीची ठरते. अशा किती मुलींचं शिक्षण लग्नामुळे थांबलं आणि किती जणींचं एका अपघातामुळे, हे कुणी विचारलेलं नाही.

पैशाचं म्हणाल तर खासगी बैठका परवडत नाहीत, हे खरं आहे. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर संरक्षण द्यायचं आहे. पॉलिसी काढून वाचा. अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागणार असाल, तर मानसोपचाराची चिठ्ठी आणि पावत्याही हाडांच्या एक्स-रेबरोबर जपून ठेवा. आणि ज्याला त्रास आहे तो फोन करायला तयार नसेल, तर १४४१६ ला पहिला फोन आपा किंवा भाईजाननेही करता येतो.