धुराडे तपासणारा माणूस

जर्मनीत काळ्या पोशाखातला, खांद्यावर तारेचा ब्रश टाकलेला माणूस रस्त्यात दिसला की शुभ मानतात. नव्या वर्षाच्या शुभेच्छापत्रांवरही त्याचे चित्र असते. हा तिथला धुराडी साफ करणारा कारागीर. शकुनाचा भाग सोडून द्या. पण त्याच्या शिक्षणाकडे महाराष्ट्राने जरूर पाहावे, आणि तेही थंडी सुरू होण्याआधी.

हे काम जर्मनीत तीन वर्षे शिकावे लागते. उमेदवार एखाद्या अनुभवी कारागिराच्या हाताखाली काम करतो आणि सोबतच व्यवसाय शिक्षणाच्या शाळेत जातो. ब्रश आणि शिडी आलीच. पण ज्वलनाचे रसायन, धूर वर ओढला जाण्याचे गणित, धुरातील वायू मोजण्याची यंत्रे आणि आगीचे नियम हेही शिकावे लागते. शेवटी परीक्षा. त्यापुढची ‘मास्टर’ची परीक्षा निराळी. घरोघरी गॅसचे बॉयलर आल्यावर काजळी कमी झाली, तरी हा माणूस बेकार झाला नाही. आता तो काजळी खरवडण्यापेक्षा विषारी वायू मोजतो. सगळा देश छोट्या विभागांत वाटलेला आहे आणि प्रत्येक विभागासाठी एका कारागिराची सात वर्षांसाठी नेमणूक होते. त्या काळात त्याने प्रत्येक घरातली शेगडी, बॉयलर, धुराडे दोनदा पाहायचे आणि काय, किती वेळा साफ करून घ्यायचे ते घरमालकाला लेखी द्यायचे. धोका तातडीचा असेल तर तिथल्या तिथे तात्पुरते उपाय करण्याचा अधिकारही त्याला आहे. प्रमाणपत्राला किंमत येते ती या अधिकारामुळे आणि या जबाबदारीमुळे.

कायदा नुसता कागदावर असला की काय होते, हे इंग्लंडने दाखवून दिले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडे साफ करणाऱ्यांच्या अंडकोषावरील कर्करोगाचा संबंध त्वचेच्या घड्यांत साचणाऱ्या काजळीशी जोडला. ठरावीक व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली ठळक नोंद. अरुंद धुराड्यांत पाच-सहा वर्षांची पोरे चढवली जात. १७८८ मध्ये आठ वर्षांखालील मुलांना मनाई झाली. १८४० मध्ये एकवीस वर्षांखालील कोणीही धुराड्यात चढू नये, असा कायदा आला. पोरे चढतच राहिली, कारण तपासणारे कोणी नव्हते. १८७५ मध्ये केंब्रिजजवळच्या एका रुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा अडकून मेला. त्याच वर्षी नवा कायदा झाला: हे काम करणाऱ्या प्रत्येकाने दरवर्षी पोलिसांकडून परवाना घ्यायचा. आधीच्या कायद्यांना जे जमले नव्हते ते या परवान्याने केले. (आज मात्र ब्रिटनमध्ये या कामाला परवाना सक्तीचा नाही. गिऱ्हाइकाने संघटनेचे प्रमाणपत्र विचारले तर विचारले.)

महाराष्ट्रातल्या घरांत शेकोटीची धुराडी नाहीत, पण गॅस गिझर आहेत. गॅस पुरेशा हवेत जळला तर कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते. बंद, छोट्या बाथरूममध्ये हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. थंडीत खिडकी लावून कोणी आंघोळीला जाते, बराच वेळ बाहेर येत नाही, दार तोडावे लागते. नातेवाईक ‘फिट आली’ किंवा ‘अटॅक आला’ असे सांगत रुग्णाला आणतात. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ टक्के दाखवू शकतो, कारण साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन आणि हा वायू यांतला फरक कळत नाही. निदान चुकायला एवढे पुरे.

हा गिझर भिंतीवर कोण बसवतो? कधी दुकानाने पाठवलेला मुलगा, कधी ओळखीचा प्लंबर. विजेच्या वायरिंगसाठी शासनाचा परवाना असलेला वायरमन लागतो; जळणारी ज्योत बाथरूममध्ये टांगणाऱ्याकडे मात्र कोणी कागद मागत नाही. धूर बाहेर नेणारी नळी लावलीच नाही, तरी गिझर पाणी छान तापवतो. त्यामुळे चूक कळायला अपघातच व्हावा लागतो.

आयटीआयमध्ये प्लंबरचा अभ्यासक्रम आहेच. त्याला जोडून गॅस गिझर आणि धूरनळीचे छोटे, प्रात्यक्षिकांसह प्रशिक्षण देता येईल. वायू मोजणारे उपकरण हाताळता आल्याशिवाय प्रमाणपत्र देऊ नये. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्यांना शाळेत बसवायची गरज नाही. त्यांची परीक्षा घ्यावी आणि उणीव असेल तेवढेच शिकवावे. नाहीतर परवान्याच्या नावाखाली गरिबाचा रोजगार जाईल आणि एजंटांचा धंदा वाढेल. ही भीती खोटी नाही. म्हणून जबाबदारी विक्रेत्यापासून सुरू व्हावी: प्रमाणित माणसाने बसवल्याची नोंद झाल्याशिवाय विक्री पूर्ण धरू नये, आणि बसवण्याचा खर्च किमतीतच असावा. अग्निशामक नळकांड्यावर तपासणीची तारीख असते, तशी गिझरवरही असावी, बसवणाऱ्याच्या क्रमांकासह. जागा चुकीची असेल तर ‘इथे बसवणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार त्या माणसाला मिळाला पाहिजे. आज तो नाही म्हणाला, तर घरमालक दुसऱ्याला बोलावतो.

हे होईल तेव्हा होईल. तोवर गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. तो आतच असेल तर खिडकी उघडी ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा आणि मगच आंघोळीला जावे. आतून उत्तर आले नाही तर दार उघडून माणसाला आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा. आणि रुग्णालयात पोहोचताच, कोणी विचारायची वाट न पाहता, डॉक्टरांना सांगावे की बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता.