काचेखालचा दिवा

दिवाळी अंकात दिव्याची निंदा करणे म्हणजे सणासुदीला अपशकुन करणे, हे मला ठाऊक आहे. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरात चकलीचा घाणा चालू असेल, मुले किल्ल्यावर मावळे मांडत असतील. अशा वेळी मास्तराने छडी उगारू नये. परंतु ज्या दिव्याविरुद्ध मी लिहायला बसलो आहे, तो पणती नव्हे आणि आकाशकंदीलही नव्हे. तो काचेखाली लावतात, आणि बहुधा मध्यरात्रीनंतर लावतात.

आमच्या माडीवर इंजिनियरिंगची चार मुले भाड्याने राहतात. मुले गुणी आहेत. भाडे वेळेवर देतात, जिन्यात भेटली तर वाट देतात. गेल्या वर्षी एका रात्री दोन वाजता माडीवर लख्ख उजेड दिसला म्हणून मी वर गेलो. पाहतो तो दोन खुर्च्यांवर आमच्याच खिडकीचे तावदान आडवे ठेवलेले! त्याखाली विजेचा दिवा जळत होता. काचेवर एक काढलेली शीट, तिच्यावर दुसरी कोरी शीट, आणि खालून उमटणाऱ्या रेघांवरून एकाची पेन्सिल सरसर फिरत होती. बाकीचे तिघे आपली पाळी येण्याची वाट पाहत चहा पीत होते.

"काय चाललंय रे?" मी विचारले.

"काही नाही सर, जीटी मारतोय. उद्या सबमिशन आहे."

जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. ज्यांच्या घरात इंजिनियरिंगचा विद्यार्थी आहे त्यांना हा शब्द नवा नसेल. मी विचारले, "खालची शीट कुणाची?" ती वरच्या वर्गातल्या एकाची निघाली. त्याने ती कुठून आणली? त्याच्याही वरच्याकडून. मूळ चित्र कोणत्या ऋषीने काढले हे कुणालाच सांगता येईना. अशी ही गुरुपरंपरा! त्या मूळ पुरुषाच्या हातून एक रेघ चुकून तुटक काढायची ती अखंड काढली गेली होती. ती चूकही पिढ्यान् पिढ्या तितक्याच निष्ठेने, त्याच जागी, उमटत आली होती.

"मग ह्या शीटवर सही कोण करतो?"

"सर करतात की!"

खरी गोष्ट इथेच सुरू होते. शीटवर विद्यार्थ्याचे नाव असते. जर्नलच्या पहिल्या पानावर एक प्रमाणपत्र असते, की अमुक रोल नंबरच्या विद्यार्थ्याने सत्रातले काम समाधानकारकपणे पुरे केले आहे. त्याखाली शिकवणाऱ्याची सही, विभागप्रमुखाची सही, प्राचार्यांची सही आणि संस्थेचा शिक्का. ज्याने काम केले नाही त्याचे नाव, आणि ज्यांनी ते पाहिले नाही त्यांच्या सह्या! चार वर्षांत अशा किती फायली होतात त्याचा हिशेब आपणच करा. हा मुलगा पदवीधर होतो तेव्हा गणित किती आले असेल ते देव जाणे; पण न केलेल्या कामाखाली सही कशी मिळवावी हे त्याला उत्तम अवगत झालेले असते.

कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही मॅट्रिक. कादंबऱ्या लिहिता, शाळेत मुलांना शुद्धलेखन घालता. इंजिनियरिंगच्या विद्येत तुम्ही नाक खुपसू नये. कबूल आहे. तुळईत किती सळ्या घालाव्यात हे मला सांगता येणार नाही. पण त्या तुळईखाली मी राहतो, पुलावरून माझी एस. टी. जाते, आणि खोटी सही ओळखायला मॅट्रिक पुरेसे आहे.

दोष एकट्या मुलांवर घालून मी मोकळा होणार नाही. तेवढे करून आपण सारेच मोकळे होतो, म्हणून तर हे चालते. माडीवरच्या चौघांपैकी एकाने मला आपली हकीकत सांगितली. पहिल्या वर्षी तो सारे स्वतः करीत असे. पुढे काँक्रीटच्या क्यूबचा प्रयोग आला. दीडशे मिलिमीटरचा ठोकळा भरायचा, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचा आणि मग यंत्राखाली दाबून तो किती भाराला फुटतो ते पाहायचे. एम २० जातीच्या काँक्रीटने दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन तरी सोसले पाहिजेत. ह्याचा ठोकळा त्याच्या बराच आधी फुटला. ह्याने फुटला तोच आकडा लिहिला. शिकवणाऱ्या गृहस्थांनी फाईल परत फेकली: "असं उत्तर येत नसतं. मागच्या वर्षीची फाईल बघ आणि नीट लिहून आण."

वाचकहो, ठोकळा आधी का फुटला? पाणी जास्त पडले होते का? ठासणी कमी झाली का? वाळूत माती होती का? सारी इंजिनियरिंगची विद्या त्या एका 'का'मध्ये होती. ती दाराशी चालून आली होती आणि तिला मास्तरांनीच हाकलून दिले! मुलाने मागच्या वर्षीचा आकडा लिहिला; त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्या दिवसापासून तोही काचेखाली दिवा लावू लागला. उद्या हाच मुलगा एखाद्या बांधकामावर उभा राहील. तिथेही क्यूब असतील, तिथेही वही असेल, आणि ठोकळा लवकर फुटला तर 'नीट लिहून आण' म्हणणारा कंत्राटदारही असेल. त्या वेळी ह्याने कुणाचे ऐकावे अशी आपली अपेक्षा आहे?

"त्यासाठी नियम आहेत," असे मला एका जाणकाराने ऐकवले. नियम आहेत खरे! पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम आहे. ती भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. मुलगा बाकावर बसला होता की नाही हे मोजले जाते. बसून त्याने काय केले हे कोण मोजतो? २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्ध नियमावली काढली. तीत मोठी बारीक मोजदाद आहे. दहा टक्क्यांपर्यंत साम्य क्षम्य. चाळीसपर्यंत अमुक शिक्षा, साठपर्यंत तमुक, आणि साठाच्या वर गेले तर संशोधक विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. वाचून बरे वाटले. पण व्याख्येच्या कलमात पाहिले तर असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, अभ्यासक्रमातले लेखन हे सारे त्या नियमावलीतून वगळलेले! म्हणजे प्रबंध चोरला तर चोरी, आणि फाईल चोरली तर 'सबमिशन'! चोराला वयाच्या तिशीत पकडायचे आणि विशीत त्याची तालीम चालू द्यायची, हा कोणता न्याय?

आकडा उतरवल्याने काय होते, ते मी दूरच्या पण खऱ्या उदाहरणाने सांगतो. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेकचा पूल बांधला जात होता. मधला गाळा आधी सोळाशे फुटांचा ठरला होता. पुढे तो अठराशे फुटांचा केला. पूल वाढला म्हणजे त्याचे स्वतःचे वजनही वाढणार, हे माझ्या सातवीतल्या पोराला कळेल. पण वजनाचा हिशेब नव्याने मांडला गेला नाही. जुनेच आकडे पुढे चालू राहिले. बांधताना खालच्या पोलादी पट्ट्या वाकू लागल्या, तशा खबरी गेल्या, पत्रे गेली, तारही गेली; काम मात्र थांबले नाही. २९ ऑगस्ट १९०७ रोजी पूल कोसळला आणि ७५ कामगार मेले. ती माणसे कुणाच्या द्वेषाने मेली नाहीत. जुन्या फाईलमधला आकडा नव्या फाईलमध्ये तसाच राहिला, म्हणून मेली.

त्या देशाने पुढे एक गोष्ट केली. १९२५ पासून तिथे नव्या इंजिनियरांना शपथविधीत लोखंडाची एक साधी अंगठी देतात. ती कामाच्या हाताच्या करंगळीत घालायची. नकाशा काढताना, सही करताना ती कागदाला घासत राहते. ती अंगठी त्या कोसळलेल्या पुलाच्या लोखंडाची असते अशी आख्यायिका आहे. ती खरी नाही. पण करंगळीतली टोचणी खरी आहे. आपल्याकडे आपण १५ सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालतो. पुण्याच्या कॉलेजात शिकलेल्या ह्या माणसाने आपोआप उघडणारे पूरदरवाजे योजले आणि १९०३ साली ते खडकवासल्याला बसवले. ते त्याने कुणाच्या काचेवरून उतरवले नव्हते. हार घालून झाला की आपली मुले सबमिशनला बसतात!

मग करावे काय? माझी मागणी फार मोठी नाही. प्रयोग निम्मे करा, पण जे ठेवाल ते मुलाच्या हातून होऊ द्या. चुकलेल्या उत्तराला गुण द्या, मात्र ते का चुकले हे लिहिण्याच्या अटीवर. नक्कल सापडली तर मुलाला पुन्हा काम करायला लावा; पण न पाहता सही करणाऱ्यालाही त्याच दिवशी जाब विचारा. कारण मुलाने एक सही खोटी मिळवली, त्याने वर्गाच्या वर्गाला दिल्या. आणि प्रमाणपत्राखाली विद्यार्थ्याचीही सही घ्या: 'हे मी केले, इथवर मला जमले, इथून पुढे जमले नाही.' हे दुसरे वाक्य लिहायची ज्याला लाज वाटत नाही, त्याच्या पुलावरून मी डोळे मिटून जाईन.

आता थोडे घरातले. आपण आईबाप काय करतो? मुलगा रात्रभर जागतो म्हणून त्याला कॉफी करून देतो. धाकट्या बहिणीला त्याच्या फाईली लिहायला बसवतो, कारण तिचे अक्षर सुरेख. शेवटच्या वर्षी तयार प्रकल्प विकत मिळतो, त्याचे पैसे कोण देतो? आता तर फोनला विचारले की तोही पानेच्या पाने लिहून देतो. काच आणि दिवा धरण्याचे कष्टही उरले नाहीत. आणि मी स्वतः? पाचवीच्या मुलांनी आणलेले थर्माकोलचे किल्ले आणि ज्वालामुखी बापाने केलेले असतात हे मला दिसते. 'छान' असा शेरा मारून मी सही करतो. माडीवरून खाली उतरताना त्या रात्री मला माझ्याच त्या सह्या आठवल्या आणि जिना अंमळ लांब वाटला.

दुसऱ्या दिवशी मी तावदान परत बसवून घेतले. चौघांपैकी ज्याचा क्यूब फुटला होता, त्याने ती शीट सकाळी पुन्हा स्वतः काढायला घेतली. ती दोन दिवस उशिरा गेली. उशिराचे गुण कापले गेले. बाकी तिघांना पूर्ण मिळाले. मला तो म्हणाला, "सर, तुमच्यामुळे माझे चार मार्क गेले." मला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही. ते उत्तर विद्यापीठाने द्यायचे आहे.

पण ह्या सुटीत आपला मुलगा वसतिगृहातून घरी आला असेल. फराळाची बशी पुढे ठेवून त्याला एवढेच विचारा, "तुझ्या फायलींतली कोणती तू स्वतः केलीस?" तो एखादीच दाखवील. रागावू नका. ती एक हातात घ्या आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्याच्याकडून समजावून घ्या.