शेंडा उडवला म्हणून झाड सुरक्षित होत नाही

मे महिना लागला की पुण्यातल्या आमच्या सोसायटीत तोच विषय निघतो : पावसाळ्याआधी झाडं ‘हलकी’ करून घ्या. माणसं कोयते-करवती घेऊन येतात आणि दुपारपर्यंत वर्षावृक्षाचे नुसते खुंट उरतात. यंदाच्या सभेत मी याला विरोध केला, इथेही करते.

लोक झाडांचे वैरी नाहीत. त्यांना भीती वाटते. गाडीवर फांदी कोसळल्याचा व्हिडिओ ग्रुपवर फिरतो आणि वाटतं, उंची घटली की धोका घटला. त्यात शेतीची सवय. माझं माहेर तासगावचं, द्राक्षबागेतलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. वेल पुन्हा जोमाने फुटते. पण तिथे कापायची ती बोटाएवढी काडी, तीही घडांसाठी. मांडीएवढ्या फांदीची जखम तशी मिटत नाही.

अमेरिकी वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून अभ्यासली. जखमेभोवती भिंत घालून झाड कुज अडवतं, हे त्यांनी दाखवलं. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडं असतं. काप त्याच्या लगत, पण कडं न दुखवता घेतला तर ही भिंत नीट उभी राहते. फांदी मधेच तोडली की खुंटातून कुज आत उतरते. वर डांबर फासूनही ती थांबत नाही.

पुढे खुंटावर हिरवेगार धुमारे येतात आणि सगळे म्हणतात, ‘बघा, कसं तरारलं!’ इथेच फसगत होते. पानं गेल्याने उपाशी पडलेलं झाड साठवणीतलं अन्न खर्चून ते फुटवे काढतं. सालीलगत वरवर चिकटलेले हे फुटवे जड झाले की वादळात आधी तेच मोडतात. म्हणजे ज्या भीतीने कापलं, ती आपणच वाढवून ठेवली.

छाटणाऱ्याचा दर झाडामागे आणि लाकूड त्याचं, मग तो कमी कशाला तोडेल? 1975च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला इजा करणंही ‘तोडणं’च मानलं आहे, हे किती कार्यकारिणींना ठाऊक आहे? महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी घ्या. लाकूड सोसायटीकडे ठेवा, मजुरी दिवसावर द्या आणि काढायच्या फांद्यांवर खडूने खुणा करा : सुकलेली, मोडलेली, भिंतीला घासणारी. बाकीच्यांना हात लावू देऊ नका.