लेझर लागत नाही? मग फेका!

ऑफिसातल्या वस्तू दोन कारणांनी मरतात. एक तर त्या खरोखरच मरतात. नाहीतर कोणीतरी "अरे टाकून दे ना, नवीन मागवू" असं म्हणतं. माझ्या पाहण्यात दुसऱ्या कारणाने गेलेल्याच जास्त, आणि त्यात पहिला नंबर लेझर पॉइंटरचा.

मला चीड येते ती हे वाक्य कोण म्हणतं त्याची. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन बसलं की हीच मंडळी लॉग उपसतात, "कालपर्यंत चालत होतं, मग बदललं काय?" असं विचारतात, एकेक शक्यता बाद करत बगपर्यंत पोचतात. (आधी रिस्टार्ट मारून बघतात, ते सोडा.) आणि पेनाएवढ्या नळीचं बटण दाबून भिंतीवर ठिपका दिसला नाही, की चार वर्षांची डिग्री, ते सगळे सबमिशन, ती ओरल... सगळं कचऱ्याच्या डब्यात. पॉइंटरसकट.

अहो, त्या नळीत असतं तरी काय? सेल, स्प्रिंग, बटण, नखाएवढं सर्किट, डायोड आणि भिंग. सहा जागा. तुमच्या कुठल्याही रिलीजमध्ये यापेक्षा जास्त मोड्यूल्स असतात.

सुरुवात सेलपासून करा. "नवीन टाकलेत" हा पुरावा नव्हे. मल्टिमीटरवर दीड व्होल्ट दाखवणारा सेल करंट मागितला की मान टाकतो, म्हणून बटण दाबलेलं असताना मोजता आलं तर मोजा. चार्ज होणारे सेल असतील तर आणखी एक गंमत. ते १.५ नव्हे, १.२ व्होल्टचे असतात. दोन मिळून ३ ऐवजी २.४. काही पॉइंटरांना तेवढं पुरत नाही, आणि दोष मात्र पॉइंटरवर येतो. शिवाय सेलची दिशा बघा. टॉर्चची सवय असलेला हात सेल टॉर्चसारखेच सरकवतो, पण काही पॉइंटरांत ते उलटे बसतात. आतली खूण वाचायला दोन सेकंद लागतात.

मग संपर्क. सेल गळून स्प्रिंगवर पांढरी भुकटी साचली असेल, तर ती कापसाच्या बोळ्याने आणि थोड्या व्हिनेगरने निघते. झाकणाचे आटेही पुसा. अॅल्युमिनियमच्या रंगीत नळीवरचा थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे अशा बऱ्याच पॉइंटरांत उघड्या ठेवलेल्या आट्यांतूनच करंट जातो. तिथे मळ बसला की सर्किट तुटलं. मागच्या झाकणातच बटण असेल तर झाकण काढून सेलचं टोक आणि नळीची कड एका वायरने जोडून बघा. लागला? मग बटणाचा दोष. डायोड ठणठणीत आहे.

एवढं करूनही धारदार ठिपक्याऐवजी पसरट, मिणमिणता लाल उजेड पडतो का? लेझर डायोडला एका ठरावीक करंटच्या खाली लेझर होताच येत नाही, तो साध्या एलईडीसारखा लुकलुकतो. सेल आणि संपर्क चांगले असूनही असं होत असेल, तर बहुतेक डायोडच गेला. आता म्हणा, मेला. आता तुम्हाला तो हक्क आहे.

माझ्या आधीच्या कंपनीत अॅडमिनच्या खणात असे मेलेले पॉइंटर साठले होते. एका कंटाळवाण्या शुक्रवारी मी ते घेऊन बसलो. निम्म्याहून जास्त नुसत्या साफसफाईने लागले. यात माझी कसली हुशारी? कोणी बघितलंच नव्हतं, एवढंच.

आता हिरवा लेझर. इथे मामला गंभीर आहे, थट्टा बाजूला. स्वस्तातल्या नेहमीच्या हिरव्या पॉइंटरमध्ये हिरवा प्रकाश देणारा डायोड नसतोच. आत ८०८ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोड असतो. तो एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड निघतो, आणि दुसरा स्फटिक त्यातून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा बनवतो. ही साखळी थंडीत बिचकते. डिसेंबरात वांगणीला आकाशदर्शनाला गेलात आणि पहाटे हिरवा किरण मंदावला, तर आधी पॉइंटर दहा मिनिटं खिशात ऊबेला ठेवा, मग काय तो निकाल द्या.

पण मुख्य मुद्दा पुढे आहे. हिरवा दिसत नाही याचा अर्थ आतून काहीच निघत नाही असा होत नाही. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मोजमापाच्या सरकारी संस्थेने २०१० साली स्वस्त हिरव्या पॉइंटरांबद्दल इशारा दिला होता. त्यांनी तपासलेल्या एका पॉइंटरमध्ये हिरवा उजेड मंद होता, पण न दिसणारा इन्फ्रारेड त्याच्या दहापट बाहेर पडत होता. तो अडवणारी फिल्टरची चकती काही उत्पादकांनी बसवलेलीच नव्हती. २०१३ साली त्याच संस्थेने १२२ पॉइंटर तपासले, तेव्हा हिरव्यांतले जवळजवळ ९० टक्के आणि लालांतले सुमारे ४४ टक्के तिथल्या सुरक्षा नियमांत बसले नाहीत.

आणि "लागत नाही" म्हटल्यावर आपण काय करतो? नळी डोळ्यासमोर धरतो आणि आत डोकावतो! इन्फ्रारेड दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. मंद झालेला हिरवा पॉइंटर "आता काय, खेळणंच झालं" म्हणून शेजारच्या पोराला देणारी मंडळीही मी पाहिली आहेत. निदान न करता फेकणं आणि निदान न करता वापरणं ही एकाच आळसाची दोन पोरं आहेत. म्हणून नियम असा, की तपासणी कायम खडबडीत भिंतीवर करायची. आरसा, काच नको. हिरव्याचे स्फटिक आणि डायोड उघडायचे नाहीत. आणि करंट वाढवून "पॉवरफुल" करायच्या फंदात तर अजिबात पडायचं नाही.

आता येणारा युक्तिवाद मला पाठ आहे. "राव, दोनशे रुपयांची वस्तू. माझ्या तासाचा रेट काय, माहितीये का?" माहितीये. पण शनिवारी दुपारी तुम्हाला तो रेट देतंय कोण? आणि नवीन घेताना तासभर रिव्ह्यू वाचता, दोन मित्रांना विचारता, चुकीचं आलं म्हणून परत पाठवता, तेव्हा हा रेट कुठे जातो? सेल बदलून आटे पुसायला दहा मिनिटं लागतात. बटण गेलं असेल तर बुधवारात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तसलं बटण मिळायची शक्यता बरीच आहे.

उत्पादकांनाही मी सोडणार नाही. स्क्रूच्या जागी गोंद, सर्किटवर ओतलेला राळेचा गोळा, आत सेलची खूणसुद्धा नाही. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल आलं. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ मध्ये फोन, लॅपटॉप, टीव्ही अशा काही वस्तूंवर त्या किती दुरुस्त होऊ शकतात याचे गुण छापणं सक्तीचं झालं. चांगलंच आहे. पण ज्या गिऱ्हाइकाने झाकणच कधी उघडलं नाही, त्याला गोंदाचा राग येणार कसा? आणि त्याला राग येत नाही, तोवर उत्पादकाने स्क्रूचा खर्च कशाला करावा?

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की तो खण उघडा. प्रत्येक पॉइंटरवर चिठ्ठी लावा : सेल, संपर्क, बटण की डायोड. ज्याच्यावर "डायोड" येईल त्याचे सेल काढून तो ई-कचऱ्यात द्या, बाकीचे कॉन्फरन्स रूममध्ये परत ठेवा. आणि कोणी "टाकून दे" म्हणालाच, तर त्याला एकच विचारा, "बग रिपोर्ट कुठाय?"