खुर्ची ही शिक्षा नाही, व्यायाम आहे!



आपण शाळेत असताना गृहपाठ राहिला की गुरुजी म्हणायचे, "कर खुर्ची!" खाली खुर्ची नसायचीच. गुडघे वाकवून हवेत बसायचं. मांड्या थरथरायच्या, वर्ग हसायचा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने अशा शारीरिक शिक्षेवर बंदी घातली, ते योग्यच झालं. पण या शिक्षेमुळे आपल्या मनात एक गोष्ट घट्ट बसली: ताकदीचा व्यायाम म्हणजे त्रास.

आमच्या माळेगावात पालकांशी बीपीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "दिवसभर उसात राबतो, वेगळा व्यायाम कशाला?" आणि "बीपीवाल्यानं जोर-बैठका काढू नयेत." माझ्या मते दोन्ही समज तपासायला हवेत. आणि आपण शिक्षकही दिवसभर खुर्चीत किंवा फळ्यासमोर असतो, तेव्हा ही गोष्ट आपल्यालाही लागू आहे.

२०२३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २७० चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. चालणं-पळणं अशा व्यायामाने वरचा बीपी सरासरी साडेचार अंकांनी उतरला. वजनाच्या व्यायामानेही जवळपास तेवढाच. आणि स्नायू ताणून एकाच स्थितीत थांबण्याच्या व्यायामाने ८ अंकांहून जास्त! त्यातही भिंतीला पाठ टेकवून बसणं, म्हणजे आपली तीच खुर्ची, विशेष गुणकारी ठरली.

असं का होतं? मुलांना सांगतो तसं सांगते. पाण्याचा पाईप पायाखाली दाबून धरला आणि मग सोडला, तर पाणी जोरात धावतं. स्नायू आवळले की आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. सैल सोडले की रक्त वेगाने वाहतं. या प्रवाहाने रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साईड सुटतं आणि वाहिनी सैलावते. हे आठवड्यातून तीनदा, काही आठवडे घडत राहिलं की वाहिन्यांना सैल व्हायची सवय लागते. त्यामुळे हृदयाला रक्त ढकलायला कमी जोर लागतो.

शेतातलं काम वाईट नाही. पण पोतं उचलताना आपण श्वास कोंडतो, एकदम झटका देतो. अशा वेळी बीपी काही क्षण खूप वर जातो. म्हणजे भीती अगदीच खोटी नव्हती. दोष ताकद लावण्यात नाही, श्वास कोंडण्यात आणि झेपणार नाही एवढं वजन उचलण्यात आहे.

मग करायचं कसं? पाठ भिंतीला टेका, पाय थोडे पुढे घ्या, झेपेल तेवढं खाली सरका. अभ्यासांत २ मिनिटांची खुर्ची ४ वेळा, मध्ये विश्रांती, आठवड्यातून ३ दिवस अशी पद्धत वापरलेली आहे. आपण २० सेकंदांपासून सुरुवात करू. मोठ्याने आकडे मोजा, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. बीपी खूप वाढलेला असेल, हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, हे तर अजिबात विसरू नका.

मित्रांनो, जिम नको, पैसे नकोत, भिंत तर प्रत्येक घरात आहे. ज्या भिंतीजवळ आपल्याला शिक्षा झाली, तिथेच मधल्या सुट्टीत आपण शिक्षक उभे राहू या. मुलं विचारतील, "बाई, तुम्हाला कुणी शिक्षा केली?" तेव्हा हसून सांगा, "शिक्षा नाही रे, मी माझ्या हृदयाचा गृहपाठ करतेय." आणि संध्याकाळी तोच गृहपाठ मुलं आपल्या आई-बाबांना देतील.