डॉक्टर कोणाच्या घरातून येतो?



आपल्या लेकराने डॉक्टर व्हावे असे कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या घराघरांत बोलले जाते. त्यामागे बहुधा घराण्याची इभ्रत असते. आमचे म्हणणे वेगळे आहे. वैद्यकीय महाविद्यालयात कोणाची लेकरे जातात, त्यावर गावच्या आजाऱ्याच्या वाट्याला काय येणार हे बरेचसे ठरते. म्हणून हा प्रश्न एका घराचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. विष तोंडातूनच जाते असे नाही. घामाने भिजलेल्या कातडीतून आणि श्वासातूनही ते शिरते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले विष असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, तोंडाला लाळ सुटते. तेव्हा ॲट्रोपीन वेळेवर लागते. विष दुसऱ्या गटातले असेल तर उपचार बदलतो. म्हणजे डॉक्टरने आधी विचारले पाहिजे : काय फवारले, कशात मिसळून फवारले, किती दिवस फवारले? ज्याने बापाच्या पाठीवरचा पंप पाहिला आहे, त्याला हे प्रश्न आपोआप सुचतात.

डॉ. हिंमतराव बावस्करांचे उदाहरण घ्या. आजच्या जालना जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा नागपूरच्या सरकारी महाविद्यालयात डॉक्टर झाला आणि १९७० च्या दशकात महाड तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. लाल विंचवाच्या दंशाने तिथे माणसे मरत होती. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून हे मृत्यू कितीतरी कमी केले. विंचू अनवाणी माणसाला चावतो. त्या माणसाचे मरण ज्याला सहन झाले नाही, त्याने उपाय शोधला.

शेतकऱ्याचा प्रत्येक मुलगा शिकून गावाकडे परततो, असा आमचा दावा नाही. शहरातून येऊन खेड्यात आयुष्य घालवणारे डॉक्टरही आहेत. पण आपल्या घरांतून कोणी गेलेच नाही, तर परत येणार कोण?

आता दार किती अरुंद आहे ते पाहा. २०१७ पासून राज्यातल्या वैद्यकीय जागाही 'नीट' परीक्षेनेच भरतात. आपले लेकरू दहावीपर्यंत मराठीतून शिकते. अकरावीला विज्ञान घेतले की पुस्तके इंग्रजी. तिथेच त्याचे सहा महिने जातात. मग शिकवणीसाठी लातूर, नांदेड नाहीतर थेट कोटा. शिकवणी, खोली, मेस मिळून खर्च लाखांत जातो. एक लाख रुपये म्हणजे २०२५-२६ च्या मध्यम धाग्याच्या ७,७१० रुपये हमीभावाने सुमारे १३ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरले तर तीन एकरांचे अख्खे पीक झाले, तेही बियाणे, खत, वेचणी काही वजा न करता. ही परीक्षा हुशारीची आहेच, पण ती बापाचा खिसाही तपासते.

म्हणून आमचा पहिला सल्ला : शेत विकून शिकवणी लावू नका. तयारी आठवीपासून घरी सुरू करा. विज्ञानाचे शब्द मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत वहीत लिहायला लावा. २०२५ च्या नीटमध्ये १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे होते. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके हा त्याचा पाया. फुलाची रचना, परागीभवन, मुळांचे प्रकार, कडक उन्हातही अन्न बनवणाऱ्या ज्वारीसारख्या सी-फोर वनस्पती, हे सारे आपल्या बांधावर उभे आहे. ते लेकराला दाखवा. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून जुने पेपर घड्याळ लावून सोडवायला बसवा. एमबीबीएस नाही मिळाले तर परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, बीएएमएस हे मार्ग कमी मोलाचे नाहीत. आणि मुलीला बारावीनंतर उजवून टाकायची घाई करू नका. गावातल्या बाया जे दुखणे पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत, ते तिला सांगतील.

दुसरी गोष्ट सरकारकडे मागायची. तमिळनाडूने २०२० मध्ये कायदा करून, सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकून नीट पास झालेल्या मुलांसाठी साडेसात टक्के वैद्यकीय जागा राखल्या. आपल्याकडे हा कायदा जसाच्या तसा चालणार नाही. जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांत सातवी-आठवीपर्यंतच असते. म्हणून आपली मागणी अशी हवी : जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत आणि पुढे ग्रामीण भागातल्या अनुदानित शाळा-कनिष्ठ महाविद्यालयात शिकलेल्या मुलांसाठी जागा राखा, त्यांची फी भरा आणि तालुक्याला एक मोफत तयारी वर्ग चालवा. त्या बदल्यात आपली लेकरे ग्रामीण आरोग्य केंद्रात ठरावीक वर्षे सेवा देतील, ही हमी आपण द्यावी. नुसते मागू नये.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात : विज्ञान शाखेत आपली किती मुले-मुली आहेत, त्यांच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राला शिक्षक आहे की नाही, आणि आपल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर रात्री हजर असतो का. ही यादी हातात असली की ठराव करू आणि ती घेऊनच जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ.