'जाऊ दे' म्हणायचे कशाला?

गेल्या दिवाळीत शिकवण्यांच्या पैशांतून मी आईसाठी ऑनलाइन मिक्सर मागवला. खोके उघडून पाहतो तो भांड्याला तडा! तक्रार केली, तर विक्रेत्याचे उत्तर आले, "माल परत घेतला जाणार नाही." आई म्हणाली, "जाऊ दे रे, नशीब आपलं!" या 'जाऊ दे'वरच कित्येकांचा धंदा चालतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

वास्तविक कायदा आपल्या बाजूचा आहे. १९८६ च्या कायद्याच्या जागी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून तो अमलात येऊ लागला. त्याखालील २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत मिळाली पाहिजे, निवारण महिन्याभरात झाले पाहिजे. एवढ्याने भागले नाही, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता कुठलाही असो, तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते. वकील लागत नाही; ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही.

नियमाचा दाखला देऊन मी पुन्हा लिहिले. अकराव्या दिवशी नवे भांडे दारात आले.

मित्रहो, क्रांतीवर तावातावाने बोलणारे आपण साधी पावती जपून ठेवत नाही! चार अक्षरे शिकलेले आपणच गप्प बसलो, तर ज्यांना अर्जही लिहिता येत नाही त्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?